तिसऱ्या रकान्यासाठी

पहाटे ५.००

विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत मी डोंबिवलीला धाकट्या बहिणीकडे मुक्कामाला असते. घर जागं व्हायच्या आत लॅपटॉप उघडून राज्याची बीम्स प्रणाली पाहणं हे दिवसाचं पहिलं काम. अर्थसंकल्पातला पैसा कुठवर पोचला हे त्यावर कुणालाही बघता येतं. लेखाशीर्ष निवडायचं: २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण, त्यातलं ०१ म्हणजे प्राथमिक. मग आकड्यांचे रकाने समोर येतात. आधी तरतूद, मग वितरित निधी, मग खर्च.

१० मार्च २०२५ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जे काही आलं, ते सगळं पहिल्या रकान्याचं होतं. तेसुद्धा अर्धंच. भाषणात विभागाच्या नावापुढे जो आकडा वाचला जातो, तो कार्यक्रमांवरच्या खर्चाचा असतो. शिक्षकांचे पगार अनिवार्य खर्चात धरलेले असतात आणि शिक्षणाच्या पैशाचा सगळ्यात मोठा हिस्सा तिथेच असतो. पगार व्हायलाच हवेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पगार झाल्यावर शाळा चालवायला जे किरकोळ पैसे लागतात, त्यांची वाट बघण्यात मुख्याध्यापकांचं वर्ष जातं. खडू, हजेरीपट, झाडू, फिनेल, नळाची तोटी, वीजबिल. जुने शिक्षक याला ‘सादिल’ म्हणतात. या सादिलचा तिसरा रकाना भरावा यासाठी आमचं काम चालतं.

आजच्या भेटींसाठी एक पान तयार करायचं आहे. एकच पान, दोन्ही बाजूंना नाही. आमदाराच्या हातात कागद फार तर मिनिटभर राहतो, त्या मिनिटात जे वाचून होईल तेवढंच लिहायचं. तीन मागण्या लिहिल्या. शाळा अनुदान शाळा उघडताना, जूनमध्ये द्या. जिल्हा परिषद शाळांची वीजबिलं शाळेच्या गळ्यात न घालता वर परस्पर भरा. आणि मुलींचा उपस्थिती भत्ता वाढवा.

तिसरी मागणी लिहिताना दर वेळी राग येतो. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींनी शाळेत यावं म्हणून हा भत्ता ३ जानेवारी १९९२ ला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला सुरू झाला. रोज एक रुपया. त्या काळी रुपयाला निदान थोडी किंमत होती. पुढे तीस वर्षं उलटून गेली तरी तो रुपयाच राहिला. पोरीने वर्षभर एक दिवस चुकवला नाही तरी हातात दोनशे-सव्वादोनशे रुपये. या काळात आमदारांचे भत्ते वाढले, अधिकाऱ्यांना नवे वेतन आयोग लागले. रुपया वाढवा असं सभागृहात कुणी ओरडून सांगितलं नाही, कारण ज्या मुलींचा तो रुपया होता त्या सात-आठ वर्षांच्या होत्या.

सकाळी ७.१५, सीएसएमटी

देवगिरी एक्सप्रेसने मराठवाड्यातून तिघं आलेत. एका वस्तीशाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, तीन एकर कोरडवाहू शेती असलेले. त्याच समितीतली एक आई, रोजाने शेतात जाणारी. आणि निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणतो. जनरल डब्यातून रात्रभर बसून आलेत. स्टेशनातच तोंडं धुतली, बाहेर येऊन चहा आणि वडापाव घेतला.

शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करायचं काम कायद्याच्या कलम २२ ने याच समितीवर टाकलं आहे. म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पाची पहिली ओळ खरं तर या दोघांनी लिहायची असते. बहुतेक ठिकाणी आराखड्याचा छापील नमुना भरून, सह्या घेऊन वर जातो आणि पुढे त्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. हे दोघं विचारतात, म्हणून मी यांना मुंबईला बोलावते.

मी पान दाखवलं. अध्यक्षांनी सावकाश वाचलं आणि म्हणाले, “ताई, हे सगळं ठीक आहे. पण शाळा बंद करू नका, हे ह्याच्यात कुठंय?”

त्यांच्या शाळेचा पट सतरा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या आसपास. तेव्हापासून त्यांच्या वस्तीवर दुसरं बोलणं नाही. मी म्हटलं, ते धोरण झालं, आज सभागृहात शालेय शिक्षणाच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा आहे, पैशांचं बोललं तर ऐकतील. ते गप्प झाले, पण पटलं नव्हतं. तेवढ्यात ती आई म्हणाली, “लेकरायला चार किलोमीटर कोण नेणार? ओढ्याला पाणी आलं की आम्हीच अडकून पडतो. मोठी पोरं जातील कशी बी. पहिलीतलं लेकरू?”

गुरुजींनी वाट काढली. लहान शाळा बंद का पडते, ते पैशांतूनच सांगू या, असं ते म्हणाले. समग्र शिक्षा योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, शंभरापर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख. किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. सतरा पटाच्या शाळेला राहिले नऊ हजार, म्हणजे महिन्याला साडेसातशे. गळकं छप्पर, तुटलेली फळी आणि पाण्याची मोटार सतरा मुलांसाठी कमी खर्चात दुरुस्त होत नाही. साडेसातशेत शाळा भकास दिसू लागते. मग ज्याला परवडतं तो पालक खासगी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये मूल बसवतो, पट आणखी घटतो, आणि शेवटी कमी पटाची शाळा म्हणून तिचं नाव यादीत चढतं.

मी पान परत काढलं आणि हाताने चौथी ओळ लिहिली: लहान शाळांना पटावर नव्हे, शाळा म्हणून किमान अनुदान द्या. अध्यक्षांनी ती ओळ दोनदा वाचली आणि मान हलवली. छापील तीन ओळींपेक्षा ती जास्त पटणारी होती.

सकाळी ९.००, आझाद मैदान

कुठल्याही मार्चमध्ये आझाद मैदानावर शिक्षक भेटतातच. आजही अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक मंडपाखाली बसले आहेत. पंधरा-पंधरा वर्षं अर्ध्या-पाऊण पगारावर शिकवत आलेली माणसं. कुणाची सोयरीक मोडली, कुणी सुट्टीच्या दिवशी रिक्षा चालवतं. टप्पा अनुदानाची त्यांची मागणी रास्त आहे आणि आम्ही त्यांच्यात बसून आलो.

पण इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत, त्यातले सात शिक्षक मतदारसंघांतून येतात. सभागृहात शिक्षणावर जे तळमळीने बोललं जातं, त्यातलं पुष्कळसं या सातांकडून. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे या मतदारसंघात मत देता येतं ते माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतल्या शिक्षकांना. पहिली-दुसरीला अक्षर गिरवून घेणाऱ्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला त्यात मत नाही. त्याच्या वर्गातली मुलं मतदार नाहीत. त्या मुलांच्या आयाबापांना मत आहे, पण ते मत रस्ता, पाणी, जात, पक्ष, कर्जमाफी अशा दहा ठिकाणी वाटलं जातं. राज्यात सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळा ६५ हजारांच्या आसपास आहेत. एवढ्या शाळांचा प्रश्न ज्याच्या निवडून येण्या-न येण्याशी बांधलेला आहे, असा एकही सदस्य दोन्ही सभागृहांत नाही. मला या कामात ओढणारी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगते. ज्यांचा आवाज घटनेच्या तरतुदीतच नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी कागद घेऊन दारोदार फिरलं पाहिजे.

मंडपाच्या कडेला उभं राहून गुरुजी जोतीराव फुल्यांबद्दल बोलत होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, ते गुरुजींच्या लेखी महाराष्ट्रातलं पहिलं शिक्षण-अंदाजपत्रकाचं टिपण. सारा भरतो शेतकरी, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर. निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असा त्याचा गाभा. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे विचारणं तिथून सुरू झालं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तोही मार्चच होता, १६ मार्च १९११. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून दाखवलं. “केवढं संस्थान होतं ते? आणि आज ७ लाख कोटींचं राज्य,” गुरुजी म्हणाले. शेजारी बसलेल्या तरुण शिक्षकाने हे वहीत लिहून घेतलं.

सकाळी १०.१५, आमदार निवास

आमदारांना भेटायची वेळ हीच. अकराला सभागृह सुरू होतं, त्याआधी खोलीत गर्दी असते. बदलीसाठी आलेले, दवाखान्याच्या पत्रासाठी आलेले, बंदुकीच्या परवान्यासाठी आलेले. स्वीय सहायक ओळखीचे आहेत. चांगला स्वीय सहायक भेटणं हे या कामात आमदार भेटण्याइतकंच मोलाचं असतं. भाषणाचे मुद्दे तोच काढून देतो.

आमदारांनी पान वाचलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळे विचारतात: “माझ्या मतदारसंघात वर्गखोल्या किती पाहिजेत ते सांगा. डीपीसीतून घेतो.”

जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि आमदाराचा शब्द तिथे चालतो, हे खरं. वर्गखोल्या हव्याच आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये बसणारी मुलं मी पाहिली आहेत. पण वर्गखोलीला कोनशिला असते. फीत कापता येते, नाव कोरता येतं, फोटो निघतो. वीजबिल भरल्याची कोनशिला कुणी बसवत नाही. फिनेलच्या बाटलीचं उद्घाटन होत नाही. त्यामुळे आपल्याकडे शाळा बांधायला पैसा मिळतो आणि बांधलेली शाळा चालवायला मिळत नाही. मी हे त्यांना सरळ सांगितलं. ते रागावले नाहीत.

गुरुजींनी त्यांना एका शाळेची गोष्ट सांगितली. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं, तेव्हा गावोगाव लोकवर्गणी निघाली. त्या गावात कापूस विकून आलेल्या पैशातून लोकांनी प्रोजेक्टर, पडदा, इन्व्हर्टर घेतला. मुलं हौसेने कविता पडद्यावर बघायची. पुढे बिल थकलं आणि जोडणी तुटली. बिल कुणी भरायचं, हे ग्रामपंचायत आणि शाळा यांच्यात ठरेना. प्रोजेक्टर कपाटात कुलपात गेला. ज्या गावाने स्वतःच्या खिशातून हजारो रुपये घातले, त्या गावाच्या शाळेला सरकारकडून महिन्याचं बिल वेळेवर मिळू नये, हे ऐकून आमदारांनी पेन काढलं. “हा मुद्दा मांडतो. तीन-चार मिनिटं मिळतील मला.”

कपात सूचना त्यांनी आधीच दिली आहे. हे प्रकरण पाहुण्यांना समजावून सांगायला जरा वेळ लागला. अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा एखाद्या मागणीला संमती देऊ शकते, नाकारू शकते किंवा रक्कम कमी करू शकते. वाढवू शकत नाही. वाढीव पैसा मागण्याचा अधिकार सरकारचा, तोही राज्यपालांच्या शिफारशीने. म्हणून शाळेला जास्त पैसे हवेत हे सांगण्यासाठीही सदस्याला कपातीचीच सूचना द्यावी लागते आणि तिच्या आधाराने बोलावं लागतं. आईने विचारलं, “मग कमी करा म्हणलं आन् खरंच कमी केलं तर?” आमदारांनी स्वतः तिला सांगितलं, तसं होत नाही, सूचना नंतर मागे घेतली जाते किंवा नामंजूर होते. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता.

दुपारी १२.००

विधानभवनाच्या फाटकाबाहेर थांबलो. गॅलरीचे पास दोनच मिळाले, ते अध्यक्षांना आणि आईला दिले. गुरुजी आणि मी झाडाच्या सावलीत बसून फोनवर कामकाज ऐकतो. डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाहुण्यांनीच गावाहून आणली होती.

दुपारी २.३०, मंत्रालय

अभ्यागतांना दुपारी प्रवेश मिळतो. रांग, ओळखपत्र, फोटो, पास. ज्या अधिकाऱ्यांना भेटायचं ते शिक्षण विभागात अंदाजपत्रकाचं काम बघतात. ते बसा म्हणाले आणि पाणी मागवलं. या दालनांत माझे बरेच दिवस गेले आहेत आणि माझं मत असं आहे की फाइल समजून घेणारा एक अधिकारी दहा आश्वासनांपेक्षा उपयोगी पडतो. त्याच्याकडे आरोप घेऊन न जाता प्रश्न घेऊन जावं.

मी विचारलं, तरतूद आहे तर वितरणाला इतका उशीर का?

त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं. समग्र शिक्षात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. केंद्राचा हप्ता आला की राज्याने आपला वाटा घालायचा. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. ते प्रमाणपत्र शाळेपासून केंद्रशाळेपर्यंत, केंद्रशाळेपासून तालुक्यापर्यंत, तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत चढत येतं. राज्याचा वाटा वित्त विभागाच्या संमतीने टप्प्याटप्प्याने सुटतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून खरेदीवर निर्बंध येतात, आणि नेमका त्याच सुमाराला पैसा खाली पोचतो. पूर्वी समितीच्या बँक खात्यात शिल्लक तरी दिसायची. आता एकाच मुख्य खात्यातून खर्च होतो, शाळेला फक्त मर्यादा ठरवून दिली जाते. ३१ मार्चला ती मर्यादा मावळते. पैसा आला होता, एवढंच शाळेला नंतर कळतं.

शेवटचं वाक्य ऐकून गुरुजी म्हणाले, “साहेब, माझ्या शेवटच्या वर्षी मर्यादा आली आणि चार दिवस उरले. तालुक्याला संगणकावर बिलं चढवायला अख्ख्या तालुक्याचे मुख्याध्यापक रांगेत. दुकानदार म्हणाला पक्कं बिल आज नाही मिळणार. मुलांच्या पाण्याच्या टाकीचे पैसे होते ते.” अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाले, “मी पण जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकलो.”

मग त्यांनी जे सांगितलं ते या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. मार्चमध्ये जे छापून येतं, ते आधीच्या पावसाळ्याअखेर आणि दिवाळीच्या आगेमागे ठरलेलं असतं. विभाग आपले अंदाज वित्त विभागाला पाठवतो तेव्हा मागणी त्या कागदात असावी लागते. ३० सप्टेंबरच्या पटावर यू-डायस या शाळांच्या नोंदप्रणालीत माहिती भरली जाते, त्या माहितीवर पुढच्या वर्षाची कार्ययोजना उभी राहते. शाळेने त्या फॉर्ममध्ये वीजजोडणी ‘आहे’ असं लिहिलं आणि जोडणी तुटलेली असेल, तर राज्याच्या हिशोबात त्या शाळेत दिवा जळतोच आहे. “सप्टेंबरात या,” ते म्हणाले. “मार्चमध्ये पण या, पण सप्टेंबरात नक्की या.” आम्ही दोन्ही वेळा येतोच. मार्चमध्ये यायचं ते सभागृहाच्या नोंदीत शब्द राहावा म्हणून. कारण सप्टेंबरात फाइलवर बोट ठेवायला ती नोंद लागते.

हे काम कधी फळतं, याचं ताजं उदाहरणही आहे. गणवेशासाठी मुलामागे ६०० रुपये मिळतात, दोन जोडांचे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी राज्यपातळीवरून एकसारखं कापड घेऊन गणवेश द्यायचं ठरलं आणि कित्येक शाळांत मुलं महिनोन् महिने गणवेशाविना बसली. पालक, शिक्षक, गावोगावच्या समित्या बोलत राहिल्या, लिहीत राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. गावातल्या शिलाई मशिनवाल्या बाईलाही त्यातून काम मिळतं, आणि माप चुकलं तर तिच्या दारात जाऊन बदलून घेता येतं.

दुपारी ४.१५

गॅलरीतून दोघं बाहेर आले. एक तरुण पत्रकार आईशी बोलू लागला. तिचं बोलणं त्याला आवडलं, पण त्याला हवं होतं वेगळंच. लाडकी बहीण योजनेला या वर्षी ३६ हजार कोटी दिलेत, ते शाळांना द्यायला हवे होते का, असं त्याने विचारलं.

ती क्षणभर थांबली. “महिन्याला पंधराशे मला येतात,” ती म्हणाली. “त्याच्यातूनच पोरीची वही-पेन येती. दप्तर येतं. शाळेत जे मिळायला पाहिजे ते मी माझ्या पैशातून घेऊ लागले. पंधराशे काढून घेतले तर शाळेला देताल ह्याची काय खात्री? दोन्ही आमचंच हाय. एकाचं काढून दुसऱ्याला देतो म्हणू नका.”

मला यात काही जोडायचं नव्हतं. गरिबाच्या एका योजनेला गरिबाच्या दुसऱ्या योजनेसमोर उभं करायचं, हा वाद मला मुळातच अमान्य आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं, २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही सहा टक्केच म्हटलं. इतक्या वर्षांत तो टप्पा आला नाही. त्याची वसुली शेतमजूर बाईच्या पंधराशेतून करायची नसते.

सायंकाळी ६.००

शालेय शिक्षणाच्या मागण्यांवर आमचे आमदार बोलायला उभे राहिले. फाटकाबाहेर चौघं एका फोनभोवती. पहिलं मिनिट नेतृत्वाच्या आभारात गेलं. मग वर्गखोल्या. मग त्यांनी कपाटातला प्रोजेक्टर सांगितला, गावाचं नाव न घेता, पण कापसाच्या पैशासकट. वीजबिलं वरच्या वर भरा म्हणाले. लहान शाळांना किमान अनुदान द्या म्हणाले, म्हणजे सकाळी स्टेशनवर हाताने लिहिलेली ओळ आता विधानसभेच्या कामकाजात नोंदली गेली. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत, पण दोन्ही हात जोडले, फोनलाच. उपस्थिती भत्त्यापर्यंत ते पोचेपर्यंत घंटी वाजली. “अध्यक्ष महोदय, एक रुपया...” एवढंच ऐकू आलं आणि पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं.

अपुरा राहिलेला मुद्दा लेखी देता येतो. स्वीय सहायकांना लगेच मेसेज केला, उत्तर आलं: उद्या नऊला या, पत्र टाइप करून ठेवतो.

रात्री ८.००

पाहुण्यांना जेवू घालून देवगिरीला बसवायचं. मागण्या आवाजी मतदानाने संमत होणार, होयचं बहुमत होणार, हे तिघांनाही आता ठाऊक आहे. अध्यक्ष जाता जाता विचारतात, “मग पुढं काय करायचं ते सांगा.” फलाटावर उभ्या उभ्या यादी केली. आराखड्यात लहान शाळेच्या किमान खर्चाचा हिशोब घालायचा. वीजबिलाच्या झेरॉक्स काढायच्या. पावसाळ्यात ओढा किती दिवस बंद असतो ते ग्रामसेवकाकडून लिहून घ्यायचं. आई म्हणाली, ओढ्याचं मी बघते.

रात्री १०.४०

डोंबिवलीला परत. बहिणीने जेवण झाकून ठेवलंय. आमच्या तालुक्यांतल्या समित्यांच्या गटांवर आजचा मेसेज लिहिते. हा मेसेज मी दर अधिवेशनात पाठवते आणि तो शक्य तितका सोपा ठेवते:

“आज विधानसभेत वीजबिल आणि लहान शाळांचं किमान अनुदान हे दोन मुद्दे बोलले गेले. ३१ मार्चच्या आत प्रत्येक समितीने सभा घ्यावी. मुख्याध्यापकांना विचारावं: या वर्षी अनुदानाची मर्यादा किती आली, कोणत्या तारखेला आली, खर्च किती झाला, किती परत गेलं. चारही उत्तरं इतिवृत्तात लिहावीत आणि पानाचा फोटो पाठवावा. गुरुजनांवर कुणीही आवाज चढवू नये, पैसा त्यांनी अडवलेला नाही. ज्या शाळेची वीज तुटली आहे तिथे सप्टेंबरात यू-डायसमध्ये ‘नाही’ असंच भरलं गेलंय का, ते पालकांनी समोर बसून बघावं.”

पाठवते. मिनिटाभरात उत्तरं यायला लागतात. एक समिती म्हणते, आमच्याकडे तारीख पडली, सव्वीसला सभा. दुसरी विचारते, मर्यादा म्हणजे नक्की काय. तिला सविस्तर ऑडिओ पाठवायला बसते.